देवाचं आभार

दिवसा मी गोंदियाजवळ कुडव्यात मोबाईलच्या दुकानात बसून स्क्रीनगार्ड लावतो आणि लग्नाच्या सीझनमध्ये संध्याकाळी आर्केस्ट्रात आवाज काढतो. नेते, नट, रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, शिट्टी अडकलेला कुकर, सगळे. गोंदियाची पब्लिक खुश होते, "वन्स मोअर भैया" म्हणते. पण अर्जुनी मोरगावच्या पुढे आमच्या गावात पाय ठेवला की नटबीट कोणाला नको असतात. पानठेल्यावरून एकच फर्माईश यायची, "ए मोन्या, बाई कर ना बे!"

बाई म्हणजे आमची अंगणवाडीची बाई. नाव सुभद्रा, पण ते नाव फक्त सरकारला माहीत. गावात चार वर्षांच्या पोट्ट्यापासून तर चाळिशीच्या माणसापर्यंत सगळे तिच्या हातची खिचडी खाऊन मोठे झालेले, म्हणून सगळ्यांची ती बाईच.

बाईचा आवाज काढायला सोपा. नाक अर्धं बंद करायचं. समोरचा एक दात पडला आहे असं समजायचं, म्हणजे 'स' म्हटलं की हवा निसटते. वाक्य संपता संपता वर न्यायचं, विहिरीतून बादली ओढल्यासारखं. आणि मुख्य म्हणजे ळ विसरून जायचा. आमच्या झाडीपट्टीत जुन्या माणसांच्या तोंडात ळ राहतच नाही, त्याच्या जागी र येऊन बसतो. डोळे नाही, डोरे. काळा नाही, कारा. फळ नाही, फर. हा ळ ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

बाई बुटकी, पायानं जराशी फेंगडी, चालली की बदक चाललं म्हणून आम्ही मागे लाईन लावून तसंच चालायचो. तिनं वळून पाहिलं की सगळे सरळ. एकदा तिनं मला वळायच्या आधीच पकडलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "असा नाई गा चालत मी. डावा पाय जास्त फेकते. पाहून घे, असा." आणि स्वतःच चालून दाखवलं. मिमिक्रीचा माझा पहिला क्लास तो.

तिला एक खोड होती. दिसेल त्याला विचारायची, "जेवलास का गा?" बसमध्ये चढली की तिकिटाच्या आधी कंडक्टरला. सुई घेऊन समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला. एकदा निवडणुकीत एक उमेदवार दहा माणसं घेऊन हात जोडत अंगणवाडीत आला आणि विकासावर बोलायला लागला. बाई खिचडी घोटत होती. तिनं पळी न थांबवता म्हटलं, "ते जाऊ द्या. तुमी जेवले का?" तो माणूस अडकला. सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं वाटते. पोट्ट्यांच्या रांगेत मांडी घालून बसला, दोनदा खिचडी घेतली आणि विकासाचं विसरून निघून गेला. निवडून नाही आला. बाई म्हणे, "बिचारा जेवला त बराबर होता."

आता आभाराची गोष्ट.

मी अंगणवाडीत असताना वरून एक तक्ता आला. रंगीत. एक गोरी पोरगी हात जोडून बसलेली, समोर ताट, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, जेवणाआधी देवाचे आभार मानूया. बाईनं तो भिंतीवर चिकटवला, खाली बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, "आयकलं का पोट्टेहो? आजपासून जेवाच्या आधी देवाचं आभार."

मग नानी नावाची एक चुणचुणीत पोरगी उठून म्हणाली, "आभार त बाहेर हाये नं बाई."

कारण आमच्या गावात आभाळाला आभारच म्हणतात, ढगांना पण आणि वरच्या सगळ्या आकाशाला पण. आभार आलं, आभार फाटलं, आभार भरून आलं. दुसरं काही आभार असते, हे त्या खोलीतल्या एकाही पोट्ट्याला माहीत नव्हतं. धन्यवाद वगैरे म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. कोणी जेवायला घातलं तर आपण म्हणतो, "पोट भरलं माय," आणि तिथंच विषय संपतो.

नानी बाहेर पळाली, तिच्यामागे आम्ही. अंगणात सगळे वर तोंड करून उभे. बाई दारात आली. आमच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हां. तेच. देवाचं आभार. नीट पाहून घ्या आना मंग जेवा."

त्या दिवसापासून आमची खिचडी बाहेर. पाऊस असला तर ओसरीत, पण ओसरीच्या काठाला, म्हणजे वर पाहता येईल असं. आणि बाईनं त्याला आपले शब्द जोडले. ताटं वाढून झाली की ती मध्ये उभी राहायची, आम्ही माना वर करायचो आणि तिच्या मागून म्हणायचो:

"देवा, तुजं आभार मोठं. आमचं पोट लायनं. आमी जेवतो, तू बी जेव."

लायनं म्हणजे लहान. बस, एवढंच. पण पूर्ण म्हणायचं. कोणी घाईत "आमी जेवतो"वर थांबून घास उचलला की बाईची पळी हवेत. "आना देव का उपाशी राहीन? आं? पहिल्यापासून मना!" मग पुन्हा पहिल्यापासून, खिचडी थंड होऊन राहिली तरी. अर्धं आभार तिच्याकडे चालत नव्हतं. आणि बाई स्वतः सगळ्यांत शेवटी जेवायची, पण तीसुद्धा ते म्हटल्याशिवाय नाही. घरी, लग्नात, तेरवीच्या पंगतीत, कुठंही. पंगतीत मांडवाखाली बसली असली तर आधी उठून मांडवाच्या बाहेर जायची, वर पाहून पुटपुटायची आणि मग पत्रावळीवर येऊन बसायची. वाढणारे चिडायचे.

हिवाळ्यात तिचा घसा बसायचा. मग मला स्टुलावर उभं करायची आणि खरखरत म्हणायची, "मोन्या, माज्या आवाजात मन गा." मी नाक अर्धं बंद करून म्हणायचो. पोट्टे हसून लोळायचे. बाई पण पदर तोंडाला लावून हसायची, पण वर पाहत राहायची, आणि माझं म्हणून झालं की जेवायला बसायची. माझ्या तोंडून निघालेलं तिला चालायचं.

एकदा तालुक्याहून नव्या सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. बाईनं घडी करून ठेवलेली सरकारी साडी नेसली. मॅडम चांगल्या होत्या, पोट्ट्यांशी गोड बोलत होत्या. वजनकाटा झाला, नखं पाहून झाली. मग तक्त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "बाळांनो, तुम्ही रोज देवाचे आभार मानता का?"

सगळे पोट्टे उठून भर्रकन बाहेर. मॅडम घाबरल्या, "अहो, हे कुठं चालले?" तोपर्यंत पहिला वापस. धापा टाकत म्हणे, "आज आभार नाही मॅडम! काल होतं!" तिकडं उन्हाळा, वर एक ढग नाही. दुसरा म्हणे, "कालचं लय कारं होतं, गरजत होतं!"

मॅडमनी बाईकडे पाहिलं. बाईनं जमिनीकडे पाहिलं. मग मॅडमना कळलं आणि त्या अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना म्हणाल्या, "बाई, शब्द नीट शिकवा हो. पुढं शाळेत हसतील मुलांना." बाई म्हणाली, "हो मॅडम." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मॅडमचं खरं निघालं, शाळेत आम्हाला हसले. पाचवीत गुरुजींनी आभार प्रदर्शन कर म्हटलं तर मी खिडकीतून बाहेर पाहिलं होतं.

मोठा झाल्यावर एकदा मी बाईला विचारलंच. ती ओसरीत बसून तांदळातले खडे वेचत होती. "बाई, खरं सांग. आभार मनजे धन्यवाद, हे तुले माहीत होतं का नाही?"

"मले काऊन माहीत नाई राहीन? सातवी शिकली मी."

"मग कायले सांगितलं तसं?"

तिनं एक खडा अंगणात फेकला. "मी कोठी सांगतलं? नानीनं सांगतलं. मी बाहेर येऊन पायलं त तुमी सारे वर तोंड करून उभे. मले चांगले दिसले गा. खाली पायलं त निरी खिचडीच दिसते."

आणि लगेच, "जेवलास का?"

बाईला एकच पोरगा, दिलीप. देवरीकडे ट्रकवर ड्रायव्हर होता. हायवेवर उभ्या ट्रकला मागून दुसरा ट्रक लागला आणि तो गेला. घरी बायको रेखा, लग्नाला वर्ष नव्हतं झालं. मी तेव्हा सातवीत. आमची शाळा आणि अंगणवाडी एकाच कंपाउंडात, जेवायची सुट्टी पण एकाच वेळी, म्हणून पुढचं मी पाहिलं आहे.

तेरवी झाल्यावर बाई कामावर आली. खिचडी रांधली, ताटं वाढली, पोट्टे बाहेर बसले, माना वर केल्या. बाई मध्ये उभी राहिली नाही. ती चुलीपाशी बसून राखेत काडीनं रेघा ओढत होती. एक पोट्टा म्हणाला, "बाई, आज आभार नाही का?"

बाईनं मान वर न करता सांगितलं, "हाये. तुमी मना. माजं त्याच्यासंग बोलनं बंद हाये."

पोट्ट्यांना ते बरोबर समजलं. त्यांचीही एकमेकांशी बोलणी बंद व्हायचीच की. त्यांनी आपलं आपलं म्हटलं आणि जेवले. असं बरेच दिवस चाललं. पोट्टे म्हणायचे, बाई चुलीपाशी. पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. आभार म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा नियम तिचा स्वतःचाच होता, आणि तिचं तर बोलणंच बंद. म्हणजे दुपारी ती जेवतच नव्हती. घरी काय करत होती, रेखावहिनीला माहीत. बाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

लक्षात आलं ते नानीच्या लहान बहिणीच्या. अडीच-तीन वर्षांची, नाक वाहणारी, नुकतीच अंगणवाडीत आलेली. ती ताटावरून उठली, चुलीपाशी गेली, खिचडीनं बरबटलेल्या दोन्ही हातांनी तिनं बाईची हनुवटी धरली आणि वर केली. जोर लावून. आणि वर पाहून मोठ्यानं म्हणाली, "देवा, बाई उपाशी हाये!"

बाई तशीच राहिली. हनुवटीला खिचडी, डोळ्यातून पाणी, तोंड वर. मग तिनं म्हटलं, पण ते म्हणणं आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. शिवी दिल्यासारखं, एकेक शब्द फेकून मारल्यासारखं. "तुजं आभार मोठं. आमचं पोट लायनं." इथं ती थांबली. आम्हाला वाटलं आता अर्धंच सोडते. पण नाही. "आमी जेवतो," आणि लय वेळानं, "तू बी जेव."

मग तिनं त्या पोरीच्याच ताटातून घास घेतला.

बाईचा आवाज मी काढला की गाव हसायचं, पण तो वाला आवाज मी कधीच काढला नाही. येत नाही असं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका नातेवाइकाच्या लग्नाला गावी गेलो होतो. पानठेल्यावर उभा होतो तर रेखावहिनी पिशवी घेऊन येताना दिसली. दिलीप गेल्यावर ती माहेरी गेली नाही. सासूजवळच राहिली, दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जाते. मला पाहून थांबली. तोंड उतरलेलं.

"मोन्याभाऊ, आईले लकवा मारला. माहीत हाये का?"

मला नव्हतं माहीत. बाई रिटायर झाली एवढंच माहीत होतं.

"उजवी बाजू गेली आना बोलनं गेलं. तेही चालते, करते मी सारं. पन जेवतच नाही वो भाऊ. चमचा नेला का तोंड गच्च. डाक्टर मनते गिळता येते, काई अडचन नाही. पानी पेते, औषध घेते, पन पेज नाही, भात नाही. डाक्टर मनते, असंच राहिलं त नाकातून नळी टाका लागते." आणि मग इकडं तिकडं पाहून हळूच, "लोक मनून राहिले, सुनेच्या हातचं खाले तयार नाही. इतक्या वर्सात मी का केलं तिचं, तुमीच सांगा?"

मी तिच्यासोबत घरी गेलो. घरकुलाची एकच खोली, स्लॅबची. खाटेवर बाई. एवढीशी झालेली. मला पाहून डोळे हलले, तोंडाची डावी बाजू हलली, पण शब्द नाही. जन्मात पहिल्यांदा बाईनं मला "जेवलास का" विचारलं नाही. मग मीच जोक केला, "बाई, मी जेवून आलो बरं."

तिनं नजर वर वळवली. स्लॅबकडे.

"हे असंच," वहिनी म्हणाली. "जेवाची येर झाली का पंख्याकडे पाहत राहते. मले वाटलं पंखा पायजे. लावला त डोरे मिटते. बंद केला त पुन्ना तेच."

मी पण वर पाहिलं. सिलिंग, एक पंखा, कोपऱ्यात जळमट. आणि मला एकदम कंपाउंड दिसलं, ओसरीचा काठ दिसला, मांडवातून उठून बाहेर जाणारी बाई दिसली.

"वहिनी, ती पंख्याला नाही पाहत. हिला बाहेर न्यायचं."

"थंडीत?"

"ऊन आहे बाहेर. चाल."

खाट दारातून निघेना, म्हणून मी बाईला गोधडीसकट उचललं. काही वजनच नाही. वहिनीनं खाट आडवी करून काढली, अंगणात सेमीच्या शेंगांच्या मांडवाशेजारी ठेवली, बाईला निजवलं, डोक्याखाली दोन उशा. बाईनं वर पाहिलं. डावा हात गोधडीतून बाहेर काढला आणि छातीवर ठेवला. वहिनीनं घाईघाईनं पेज आणली, चमचा नेला.

तोंड गच्च.

वहिनीनं चमचा वाटीत टाकला. "पाहा, पाहा नं भाऊ. मंग माजंच चुकते."

बाईनं वरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, जसं स्टुलावर चढवायच्या आधी पाहायची.

तिचा आवाज तिच्यापाशी नव्हता. माझ्यापाशी होता.

मी नाक अर्धं बंद केलं. "देवा, तुजं आभार मोठं." वहिनी दचकली, दारामागे कोणी आहे का पाहायला लागली. "आमचं पोट लायनं. आमी जेवतो..." आणि इथं मी अडकलो. स्टेजवर हजार माणसांसमोर नाही अडकत. पुढचं निघेचना. मी वहिनीला खुणेनं म्हटलं, दे. तिनं चमचा नेला.

तोंड गच्च. आणि बाईचा डावा हात वर आला, हवेत. हातात पळी नव्हती एवढंच.

"हो हो," मी म्हणालो, "पहिल्यापासून." नाक पुसलं, पुन्हा अर्धं बंद केलं आणि पहिल्यापासून म्हटलं. मोठं आभार, लायनं पोट, आमी जेवतो. आणि शेवटचं वाक्य बादली ओढल्यासारखं वर नेलं, "तू बी जेव."

बाईनं तोंड उघडलं.

वहिनी एका हातानं चमचा देत होती, दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावून रडत होती. पेज अर्धी उजव्या गालावरून ओघळत होती. पण बाई गिळत होती. वाटी संपली तेव्हा वहिनी म्हणाली, "तुमी त उद्या चालले गोंदियाले. मले नाई येत असा आवाज काढता."

म्हणून तिच्या फोनमध्ये रेकॉर्ड करून दिलं. वहिनी म्हणायची, नंतर शेजारच्या बाया पण जेवायच्या वेळी येऊन बसायच्या आणि फोन वाजला की सोबत म्हणायच्या. सुनेच्या हातचं खात नाही असं मग कोणी म्हटलं नाही. नाकात नळी टाकायची वेळ आली नाही. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आधी बाई झोपेतच गेली. त्या दिवशी मी तिरोड्याला एका हळदीत माईक धरून उभा होतो. फोन सायलेंटवर.

आता पानठेल्यावर "बाई कर" कोणी म्हणत नाही. पहिल्यांदा कोणी तरी म्हटलं होतं, तेव्हा बाकीच्यांनीच त्याला गप्प केलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते फोनमध्ये रेकॉर्ड करून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, गोंदियाला निघताना. गाडीला किक मारली होती, गल्लीच्या वळणावर थांबून मागे पाहिलं. अंगणात खाट, खाटेवर बाई, बाजूला वहिनी वाटी घेऊन. वहिनीनं फोन बाईच्या कानाशी धरला. गाडीच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं, पण किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. मोठं आभार. लायनं पोट. आमी जेवतो. मी मनात मोजत होतो आणि बाई वर पाहत होती, हनुवटी वर केलेली, कोणी तरी दोन्ही हातांनी धरून वर करावी तशी. तू बी जेव. तोंड उघडलं.

मी पण वर पाहिलं. एक ढग नव्हता. सगळं आभार होतं.